तीन महिन्यांनंतर दुकान जबाबदार नाही

अशी पाटी आहे आमच्या लाँड्रीत, चार भाषांत.
मराठीत नाही. मराठीत तिथं मी आहे,
रुवीच्या मागच्या गल्लीत, वाफेआड,
मूर्तिजापूरचा, सोळा वर्षं.

न नेलेले कपडे वरच्या फळीवर चढतात :
काखेत पिवळी पडलेली दिशदाशा,
कुण्या नर्सचा कोट, उशांचे अभ्रे, एक लुंगी.
कोपऱ्यात न जाणाऱ्या शाईचा नंबर.
माणसाची बदली होते, व्हिसा संपतो,
कधी तो नुसताच येत नाही.

समोरच्या गाळ्यात तोफज्जल दिवसभर
कुम्मा टोप्या शिवतो.
डोक्याला वारा लागावा म्हणून बारीक भोकं,
भोकाच्या कडेनं काजासारखी वीण.
चांगल्या टोपीला महिना जातो. तेवढ्यात
ज्याची टोपी, त्याचे तीनदा केस कापून होतात.

एका रात्री शटर अर्धं ओढताना आला.
“दादा, जुनं सुती काही आहे? नवं नको.
नवं कापड सुईशी भांडतं.”
मी फळीकडे बोट केलं.

त्यानं फरशीवर एकावर एक पसरलं सगळं,
चार कोपऱ्यांवर दुधाच्या पावडरीचे चार डबे.
दोरा विकत घ्यायचा नसतो म्हणे,
जुन्या काठातून उपसायचा.
माझ्या पंचाचा लाल काठ गेला त्यात.
“जमालपूरला हे बायकांचं काम,” तो म्हणाला,
“इथं कोण बघतंय?”
मी बघत होतो.

आम्ही याला धावदोरा म्हणतो. धावत कसला!
बंदरातल्या पाणकावळ्यासारखा
बुडतो, आणि वाटलं नव्हतं तिथं वर येतो.
टाके दाटले की कापडावर बारीक लाट उठते.
मी सुरकुत्या मोडून पोट भरणारा,
आणि हा मुद्दाम पाडतो.

मधे कमळ. कोपऱ्यांत कोयऱ्या,
तो त्यांना कल्का म्हणतो.
मग मासा, नाव, पाण्याचा टँकर,
आणि माझी इस्त्री, वायरसकट.
कंथा, तो म्हणाला. हा शब्द मला माहीत होता,
पोथीतला, गोसाव्याच्या खांद्यावरचा.
आमच्या घरात नुसती वाकळ होती,
तिच्यावर कुणी मासा काढला नाही.

अकरा महिन्यांनी एक माणूस आला.
घामानं मऊ झालेली पावती : ४१७, लुंगी एक.
“मधे नव्हतो,” एवढंच म्हणाला.
सोहारच्या इस्पितळात, समाइलच्या तुरुंगात, की गावी,
मी विचारलं नाही. पाटी दाखवली.
चारातली एकही भाषा त्याला वाचता येत नव्हती.

त्याला समोर नेलं.
तोफज्जलनं गुंडाळी सोडली, थरांवरून बोटं फिरवत गेला,
वैद्य पोट चाचपतो तशी.
कमळाच्या डाव्या अंगाला, विरलेल्या कापडाखाली,
शाई : ४१७. भोवती लाल टाके,
नंबर चुकवून गेलेले.

मेजावर ब्लेड होतं.
तोफज्जलनं ते त्याच्याकडे सरकवलं.
त्यानं हात लावला नाही.
बराच वेळ नंबरावर अंगठा ठेवून बसला.
मग मला विचारलं, “इस्त्री झाली होती?”
“झाली होती.”
शंभर बैशांच्या दोन नोटा काढून दिल्या.
मी घेतल्या. दुकानाला हिशेब असतो.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा आला.
हातात जुना सदरा, धुतलेला, घडी केलेला.
मी पावतीपुस्तक ओढलं, पेन उघडलं.
तो माझ्या दारावरून तसाच पुढं गेला
आणि समोरच्या गाळ्याशी
चपला काढू लागला.